कुंकू लावलेली कॅसेट

बिरूतात्या उभे राहायचे ते एका पायावर. उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्याच्या वर टेकवलेला, काठी पुढं रोवलेली, काठीच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. असे ते दोन-दोन तास उभे असत. पाय बदलायचे तेही इतकं सावकाश, की बदलून झाल्यावरच कळायचं. एकदा सांगलीच्या त्या बंगल्यावर नवा पोस्टमन आला. फाटकाच्या आत गुलमोहराखाली उभ्या असलेल्या तात्यांकडं त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, हा पुतळा कुठून आणलाय, लई हुबेहूब आहे. पुतळा म्हणाला, "टपाल दे हिकडं." पोस्टमनच्या हातातली पत्रं खाली सांडली.

तात्या माण तालुक्यातले, आमच्याच वस्तीवरचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कृष्णाकाठी उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत माणात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीखत रानाला, धान्य आपल्याला. कडेगावाकडं भाऊसाहेबांच्या वडिलांचं रान होतं, तिथं तात्यांचा कळप वर्षानुवर्षं बसला. पुढं लांबचं चालणं होईना, मुलानं कळप विकला, तेव्हा त्या जुन्या ओळखीवर भाऊसाहेबांनी त्यांना सांगलीला आपल्या बंगल्यावर राखणीला ठेवलं. भाऊसाहेब हळदीचे व्यापारी. घरात ते, त्यांची बायको, दोन शाळकरी मुली आणि म्हातारी आई, म्हणजे माई. "मेंढरं गेली, आता बंगला राखतुया," तात्या म्हणायचे. "ह्यो बरा हाय. चरायला जात न्हाई."

मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. खडी फोडायच्या क्रशरवर होतो, तो बंद पडला. चोवीस वर्षांचं वय, लग्न झालेलं, पोरगी रांगायला लागलेली. गावच्या जत्रेला तात्या आले होते. त्यांनी माझ्या आईला सांगितलं, शिवाला माझ्याकडं लावून दे, मालक अजून एक माणूस बघायला लागल्यात. मला निरोप दिला की सांगलीच्या स्टँडवर जिथं उतरशील तिथंच उभा राहा, मी न्यायला येतो.

उतरलो. इतकी माणसं मी जत्रेशिवाय पाहिली नव्हती. दहा मिनिटं उभा राहिलो. आपण भलत्याच स्टँडवर उतरलो, तात्या विसरले, मेले, असं काय काय मनात यायला लागलं. मग मी हिंडत सुटलो. चौकशीच्या खिडकीपाशी, रिक्षांपाशी, परत गाड्यांपाशी. तासाभरानं मागून खांद्यावर काठी टेकली. तात्या. मी रडायच्या बेताला आलेलो. ते म्हणाले, मी तुझ्या गाडीच्या आधीपासून इथंच त्या खांबाशेजारी उभा होतो, तू माझ्या पुढून तीनदा गेलास. मग हाक का मारली नाही, असं मी चिडून विचारलं. तात्या शांतपणे म्हणाले, "म्हनलं, बघावं कवा थांबतोय."

त्या माणसानं मला त्या दिवसापासून घरच्या पोरासारखं सांभाळलं. फाटकाशेजारच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. माझी भाकरी थापताना मोडायची, तर मोडलेली स्वतःच्या ताटात घ्यायचे आणि म्हणायचे, मला दात कमी, तुकडं झाल्यालंच बरं. बायकोचं पत्र आलं की मला वाचायला लावायचे. मी अडखळलो की "सावकाश रं, पळून चाललंय का कागद?" एवढंच म्हणायचे. पाळ्या अशा होत्या: सकाळपासून जेवणापर्यंत मी, जेवणापासून दिवेलागणीपर्यंत ते. रात्री फाटकाला कुलूप आणि आवारात कुत्रं सोडलेलं.

राखण कशी करायची हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही गुलमोहराखाली बसलो होतो. ते म्हणाले, "हललं की आंधळ्यालाबी कळतंय. सकाळी कळप उठतू न्हवं, तवा कोण उठलं त्ये बघायचं नसतंय. कोण उठलं न्हाई त्ये बघायचं. त्येलाच कायतरी झाल्यालं असतंय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर एकटे राहायचे. सकाळी बातम्या लागल्या की त्यांचा रेडिओ आख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. एका सकाळी तात्या मला म्हणाले, जा, मास्तराचं दार वाजव. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, रेडिओ वाजला नाही. मला वाटलं, म्हातारा उगीच शंका काढतोय. दार वाजवलं, आतून आवाज आला तो इतका बारीक की मी खिडकीतून आत उतरलो. मास्तर तापानं फणफणून जमिनीवर पडले होते. गल्लीतून तोवर दूधवाला, शाळेची रिक्षा, भाजीवाली, कितीतरी माणसं येऊन गेली होती. सगळ्यांनी जे होतं ते पाहिलं, जे नव्हतं ते कुणालाच दिसलं नाही.

आणि चार वाजता ताक. माई रोज दुपारी चार वाजता पितळेच्या तांब्यात ताक घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं स्वतः बाहेर यायच्या. घरात गडीमाणसं होती, पण तात्यांचं ताक त्या कुणाच्या हातून पाठवायच्या नाहीत. माईंनी तरुणपणी कडेगावच्या रानात तात्यांचा कळप बसलेला पाहिला होता. त्या पायरीवर बसायच्या, तात्या खाली उकिडवे बसायचे. बोलणं काय, तर यंदा पाऊस कुठवर आला, अमक्याची सून नांदते का. "बिरू, मीठ झालंय का रे बरोबर?" असं त्या रोज विचारायच्या, आणि तात्या रोज म्हणायचे, "झालंय की माईसाब," मीठ असो वा नसो.

मग कॅमेरा आला. विश्रामबागेत तेव्हा दोन-तीन घरं फुटली होती. भाऊसाहेबांनी कोल्हापूरच्या एका सराफाच्या दुकानात कॅमेरा पाहिला आणि पुण्याहून माणूस बोलावला, त्याला आम्ही साहेब म्हणायचो. आमच्या भागात घरावर कॅमेरा बसवलेला कुणी पाहिला नव्हता. गल्लीतली पोरं फाटकाशी गर्दी करून उभी राहिली. दिंडी दरवाजावर, म्हणजे घराच्या पुढच्या दारावर, कॅमेरा लागला, त्याचं तोंड फाटकाकडं आणि गुलमोहराकडं. आतल्या खोलीत लहान टीव्ही आणि कॅसेटवर चित्र उतरवणारं यंत्र. माईंनी यंत्राची पूजा करायला लावली. नारळ फुटला, घरच्याच वखारीची हळद, आणि यंत्राला आणि पहिल्या कॅसेटला कुंकवाचं बोट लागलं.

त्या पहिल्या दुपारी साहेबांनी यंत्र साधं चालू ठेवलं. साधं म्हणजे अखंड. सव्वा वाजता सुरू केलं ते कॅसेट संपेपर्यंत, तीन तास, जे समोर असेल ते उतरत राहिलं. संध्याकाळी घरातले सगळे ते बघायला बसले, आम्हालाही दाराशी उभं केलं. पडद्यावर काय, तर गुलमोहर आणि त्याखाली तात्या. पाच मिनिटांनी तात्या. दहा मिनिटांनी तात्या. मुली हसून हसून लोळायला लागल्या. भाऊसाहेब म्हणाले, ही कसली राखण, तीन तास झालेलं बघायला परत तीन तास घालवायचे? आणि रोज एक नवीन कॅसेट? साहेब म्हणाले, दुसरी सोय आहे. भिंतीला एक छोटा डोळा बसवतो. त्याच्यापुढं जिवंत काही हललं की तेवढ्यापुरतं यंत्र चालू होईल, हलणं थांबलं की बंद. कॅसेट आठवडाभर पुरेल, आणि दिवसभराचं रोज अर्ध्या तासात बघून होईल. भाऊसाहेबांना हे फारच पटलं. पहिली कॅसेट पुसून वापरायला घेणार, तर माईंनी अडवलं. पूजेतली वस्तू आहे, पुसायची नाही. ती देवघराच्या खालच्या फळीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी डोळा बसवला आणि मला म्हणाले, जरा चाल. मी चाललो, डोळ्यातला लाल दिवा लागला. थांब म्हणाले, मी थांबलो. थोड्या वेळानं दिवा विझला. "आता यंत्राच्या हिशेबी तू इथं नाहीस," साहेब सहज म्हणाले आणि शिडी उचलून दुसरीकडं गेले. मी तिथंच उभा. मी आहे, आणि मी नाही.

तात्यांना मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तात्या, तुम्ही मधून मधून जरा हलत जावा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना मिरवणुकीत नाचायला सांगतोय. म्हणाले, "त्येचं त्यो बघंल, आपलं आपून बघू."

रोज संध्याकाळी भाऊसाहेब चहा घेत कॅसेट बघायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून पाठीवर थाप दिली. म्हणाले, शिवा, तू जागा असतोस बाबा. मी त्या सकाळी फक्त आवार झाडलं होतं. पण त्या थापेनं माझं काय झालं ते मला कधी नीट सांगता आलेलं नाही. क्रशर बंद पडल्यावर चार महिने मी घरी बसलो होतो, बायकोनं दुसऱ्याच्या रानात खुरपून चूल पेटवली होती. ते दिवस परत येऊ नयेत म्हणून मी काहीही केलं असतं. आणि इथं काय करायचं, तर फक्त चालायचं.

मग मी चालायला लागलो. फाटकापासून दिंडीपर्यंत, दिंडीपासून फाटकापर्यंत. पाणी घातलेल्या कुंड्यांना परत पाणी. झाडलेल्या जागेवर परत झाडू. लाल दिवा लागला की जीव थंड व्हायचा. विझला की परत निघायचो. यात राखण कुठं होती? रस्त्यानं कोण गेलं, कोण आलं, मला काही दिसत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या दिव्याकडं.

संध्याकाळी पडद्यावर अर्धा तास मी असायचो. तात्यांच्या पाळीत पोस्टमन, इस्त्रीवाला, चारला ताक घेऊन माई, आणि घरची मांजर. मांजर फाटकातून आत आली की यंत्र जागं व्हायचं. मांजर इकडून तिकडं जाते आहे आणि मागं तात्या, तसेच, एका पायावर. परत तासाभरानं मांजर, आणि मागं तात्या तसेच. मधला अख्खा तास पडद्यावर नसायचाच, त्यामुळं बघणाऱ्याला वाटायचं की हा माणूस दुपारी खुंटीला अडकवलाय तो संध्याकाळपर्यंत काढलेला नाही. भाऊसाहेब एकदा हसत म्हणाले, "तात्या, तुमच्यापेक्षा मांजराची हजेरी जास्त आहे." तात्याही हसले. म्हणाले, ठेवा की मग तिलाच, दुधावर ऱ्हाईल.

पण भाऊसाहेबांच्या डोक्यात ते राहिलं. दोन महिन्यांनी त्यांनी मला वखारीत बोलावलं. हळदीच्या पोत्यांमध्ये उभे होते. म्हणाले, आता यंत्र आहे, तर दोन माणसांची गरज नाही असं मला वाटतं. मग मला जवळ घेऊन हळू आवाजात विचारलं, "खरं सांग शिवा. तात्या दुपारचे उभ्या उभ्या झोपतात का?"

हा प्रश्न इतका सरळ होता. नाही, एवढी दोनच अक्षरं बोलायची होती. यंत्र कसं चालतं, स्थिर माणूस त्याला का दिसत नाही, मी का दिसतो, हे मला त्या घरात सगळ्यांपेक्षा नीट माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढं पोरगी आली, बायकोनं खुरपून पेटवलेली चूल आली. मी खाली बघत म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

भाऊसाहेबांनी तात्यांना वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. नवं धोतर, पटका, घोंगडीऐवजी पांघरायला शाल, नारळ, सगळं रीतीनं केलं. आता आराम करा, म्हणाले. माईंनी लेकाला दोनदा विरोध केला, पण लेकाचं म्हणणं होतं की म्हाताऱ्या माणसाला किती दिवस उभं करायचं. जाताना तात्यांनी माईंचा निरोप घेतला. माई पायरीवर बसून होत्या. मी तात्यांचं गाठोडं स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीत बसल्यावर ते खिडकीतून म्हणाले, चार वाजता ताक घेत जा, मी माईसाबास्नी सांगितलंय. मी मान हलवली. मला वाटलं होतं ते काहीतरी विचारतील. त्यांनी काहीही विचारलं नाही.

मग दोन्ही पाळ्या मीच करायला लागलो. माई मला ताक आणून द्यायच्या, पण पायरीवर बसायच्या नाहीत. तांब्या ठेवायच्या आणि आत जायच्या. मीठ झालंय का, असं मला कधी विचारलं नाही. मला वाटायचं त्यांना कळलंय. त्यांच्यापुढं माझी मान वर होत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस घरचे सगळे कोरेगावला लग्नाला गेले. माई एकट्या घरी, कामवाली दुपारी जेवून गेलेली. मी माझ्या फेऱ्या मारत होतो. चार वाजले. ताक आलं नाही.

मला ते जाणवलं नाही असं नाही. चांगलं जाणवलं. सव्वाचार झाले, साडेचार झाले. माझ्या मनात आलं, विसरल्या असतील. मग आलं, मुद्दामच आणलं नसेल, आज घरात कुणी नाही तर राग काढला असेल. आत जाऊन काय विचारू? माई, माझं ताक कुठाय? मला लाज वाटली. ज्या माणसाच्या वाटणीचं ताक मी पीत होतो, ते मागायला कसं जाऊ? म्हणून मी चालत राहिलो. फाटक, दिंडी, फाटक. सहा वाजता मंडळींची गाडी आली. माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. खुबा मोडलेला. जवळ तांब्या आडवा, ताक सांडून फरशीवर वाळलेलं. शुद्ध होती, पण हाका मारून मारून आवाज गेला होता, त्यातली एकही माझ्यापर्यंत पोचली नव्हती. दोन तास.

माईंना दवाखान्यात ठेवून भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी घरी आले आणि त्यांनी आदल्या दुपारची कॅसेट लावली. मला बाजूला बसवलं. चारपासून सहापर्यंत जे उतरलं होतं त्यात मी होतो. मी फाटकाकडं जातोय. मी दिंडीकडं येतोय. मी कुंडीला पाणी घालतोय. परत मी. त्या दोन तासांतलं माझं एकही पाऊल यंत्रानं सोडलं नव्हतं, आणि माझ्या पाठीमागं वीस हातांवर ती बाई पडली होती. भाऊसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत बसले.

तेव्हा मी सांगितलं. लाल दिव्यापासून ते वखारीतल्या त्या तीन शब्दांपर्यंत सगळं. ताक आलं नाही तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगितलं. भाऊसाहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "तात्या असते तर चार वाजून पाच मिनिटांनी आत गेले असते." मग म्हणाले, जा, त्यांना घेऊन ये.

मी सकाळच्या गाडीनं विट्यावरून दहिवडीला गेलो, तिथून चालत वस्तीवर. तात्यांच्या मुलानं, बाळूनं, सांगितलं की ते माळावर आहेत. कुणाचीतरी वीस-पंचवीस मेंढरं राखायला घेतली आहेत. मी माळावर गेलो. मेंढरं दिसली. तात्या दिसेनात. मी सगळीकडं नजर फिरवली, बाभळी, दगड, बांध. हाक मारणार, तेवढ्यात ज्याला मी वाळलेलं खोड समजत होतो त्यानं पाय बदलला.

ते आधी माझ्या बायको-पोरीचं बोलले. पाणी दिलं. मग मी माईंचं सांगितलं. त्यांनी काठी आडवी ठेवली आणि खाली बसले. "चारला ताक आलं न्हाई?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. मी त्यांचे पाय धरले आणि वखारीत काय बोललो ते सांगायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"त्यो लाल दिवा मला दिसत हुता की रं. डोळं हायती मला. तू रोज त्येच्या म्होरं हेलपाटं घालतुयास, त्येबी दिसत हुतं."

"मग बोलला का न्हाई, तात्या? तुमीबी चार पावलं चालला असता तर…"

"राखणीला हुतो. दिव्याला दावायला न्हवतो." मग ते म्हणाले, "तुज्या पोटात भ्या हुतं शिवा. भ्यालेलं मेंढरू एका जागी ठरत न्हाई. त्येला मारून काय उपेग?"

मला वाटतं त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. ती मी आजवर केव्हाच विसरलो असतो.

ते परत आले नाहीत. माईंना बघायला मात्र एकदा येऊन गेले. पलंगापाशी खाली बसले. माईंनी सुनेकडून ताक आणवलं आणि पडल्या पडल्या विचारलं, मीठ झालंय का रे? तात्या म्हणाले, झालंय की. मी दाराबाहेर होतो. माई पुढं सात-आठ महिन्यांनी गेल्या. त्यानंतर मी तिथली नोकरी सोडली. भाऊसाहेब राहा म्हणाले होते, पण चार वाजता मला त्या आवारात उभं राहवत नव्हतं. माझा मेहुणा मदुरैला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होता, आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या धंद्यात आहेत. मी त्याच्याकडं गेलो तो इकडचाच झालो.

तात्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले, दोन दिवसांच्या तापानं. मी पोचलो तो दहाव्याला. बाळूनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, भिंतीला लावायला फोटो नाही. जन्मात कधी काढलाच नाही. "तुमच्या सांगलीच्या त्या मशिनीत तात्या असतील की?"

मी त्याला काय सांगणार होतो? यंत्रानं त्यांना दिवसाकाठी चार-दोनदा उतरवलं होतं, आणि त्या कॅसेटी पुसून पुसून त्यांच्यावर मी चाललो होतो. तरी आम्ही सांगलीला गेलो. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं, उठून देवघरात गेले आणि खालच्या फळीवरून ती कुंकू लावलेली कॅसेट घेऊन आले.

आम्ही तिघं जमिनीवर बसून ती बघायला लागलो. त्या दिवशी ज्याला सगळे हसले होते तेच चित्र. गुलमोहर आणि तात्या. पण आता कुणाला घाई नव्हती. आणि नीट बघितल्यावर मला दिसलं की तात्या स्थिर नव्हतेच. त्यांची मान फिरत होती. फाटक, मग रस्ता, मग मास्तरांचं घर, मग आपल्या बंगल्याचं मागचं दार, परत फाटक. एक फेरा व्हायला दहा-बारा मिनिटं लागत. इतकं सावकाश, की भिंतीवरच्या त्या डोळ्याला ते कधीच कळलं नसतं. एकदा एक साळुंकी त्यांच्या पटक्यावर बसली आणि उडून गेली. बाळू तेव्हा रडला.

चार वाजले. पडद्यावर माई आल्या. स्वतःच्या पायांनी, तांब्या घेऊन, पदर सावरत. भाऊसाहेब पुढं सरकले. त्यांनी तेवढा भाग परत लावला नाही, थांबवलाही नाही, आला तसा जाऊ दिला. माई पायरीवर बसल्या, तात्या उकिडवे बसले, दोघांची तोंडं हलत होती. आवाज नव्हता. काय बोलत होते ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

फोटोसाठी गल्लीतल्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. कॅसेट मागं घेत, चेहरा जिथं नीट दिसत होता तिथं चित्र थांबवलं आणि त्यानं टीव्हीचाच फोटो काढला. आडव्या रेघा आल्या, कोपऱ्यात यंत्राचे वेळेचे आकडेही आले. बाळू म्हणाला, असू दे. तोच मोठा करून त्यानं भिंतीला लावलाय.

एक प्रत माझ्याकडं आहे, इथं मदुरैत. आता दुकानात आठ कॅमेरे आहेत. बसवणाऱ्या पोरानं मला विचारलं होतं, हललं की टिपायचं ठेवू का अखंड? मी अखंड म्हणालो. तो म्हणाला, कोण बघत बसणार? त्याचं बरोबर आहे. कुणी बघत नाही, मीसुद्धा नाही.

तो फोटो मी पुष्कळ दिवस चेहऱ्यासाठी बघत होतो. आकड्यांकडं लक्ष फार उशिरा गेलं. तीन अठ्ठावन्न. तात्या एका पायावर उभे आहेत, हनुवटी काठीवर, आणि मान फाटकाकडं नाही, मागच्या दाराकडं वळलेली आहे. ताक यायला दोन मिनिटं होती.